पंधरा खरं की सोळा? टप्प्याटप्प्याने तपासलेल्या सिम्युलेटेड ट्रायलमधला 'हो-नाही' निकाल

नांदेडहून एका रेसिडेंट डॉक्टरांनी प्रश्न पाठवला आहे. प्रबंधासाठी त्यांनी विंचूदंशावरच्या एका काल्पनिक ट्रायलचं सिम्युलेशन केलं. दोन आर्म, म्हणजे दोन उपचारांचे दोन गट, प्रत्येकी २१० रुग्ण. निकाल एकच: २४ तासांत लक्षणं पूर्ण गेली की नाही. चालू उपचाराने ६० टक्के आणि नव्या उपचाराने ७५ टक्के रुग्ण बरे होतात असं धरलं. दर आर्ममध्ये ७० रुग्ण झाले की पहिला इंटरिम (मधला आढावा), १४० झाले की दुसरा, २१० वर शेवट. अशा १०,००० ट्रायल संगणकावर चालवल्या आणि तीन ठिकाणी गाडी अडली.

एक, दोन्ही आर्ममध्ये ६० टक्केच ठेवून प्रत्येक टप्प्यावर ०.०५ ची पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ नशिबाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) लावली, तर ५ ऐवजी १०.७ टक्के ट्रायलमध्ये 'फरक आहे' असं निघालं. कोड चुकला का? दोन, ओब्रायन-फ्लेमिंगची बाउंडरी (ट्रायल थांबवायला ओलांडावी लागणारी, सुरुवातीच्या टप्प्यांना जास्त कडक असलेली रेषा) लावून खरा फरक १५ अंकांचा ठेवला. प्रत्येक ट्रायल जिथे थांबली तिथला फरक काढून १०,००० फरकांची सरासरी घेतली तर १६ च्या आसपास येते, पण सगळ्या ट्रायलचे सगळे रुग्ण एका फाइलीत ओतून फरक काढला तर बरोब्बर १५. कोणतं खरं मानायचं? तीन, दोन आर्मची तुलना कोणत्या टेस्टने करायची: काय-स्क्वेअर, फिशर की लॉजिस्टिक? आणि निकाल म्हणून मृत्यू घेतला की प्रोग्रॅम मधूनमधून आकड्याऐवजी 'नॅन' का दाखवतो?

बहुतेक जण तिसऱ्या प्रश्नात अडकून पडतात. माझ्या मते खरी गोम दुसऱ्यात आहे. पण पहिला सोडवल्याशिवाय दुसऱ्याकडे जाता येत नाही.

डॉक्टर, १०.७ आलं म्हणजे तुमचा कोड बरोबर आहे. आर्मिटेज, मॅकफर्सन आणि रो या तिघांनी १९६९ सालीच हा हिशेब मांडला होता: साठत जाणाऱ्या डेटावर ५ टक्क्यांची टेस्ट दोनदा लावली तर खोटा इशारा मिळण्याची शक्यता ८.३ टक्के, तीनदा लावली तर १०.७, पाचदा लावली तर १४.२, दहादा लावली तर १९.३. लातूरच्या बाजार समितीत एखाद्या व्यापाऱ्याने सोयाबीनच्या पोत्यात नमुना काढायला तीनदा बांबू घालावा आणि ओलावा जास्त निघाला की तिथेच थांबून भाव पाडावा, तसं हे आहे. एकदाच घालायचा असं ठरलं असतं तर शेतकऱ्याचं एवढं नुकसान झालं नसतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, फार कामाची आहे. तुम्हाला १०.७ ऐवजी १४.३ मिळालं असतं तर मात्र कोड चुकला होता. प्रत्येक टप्प्यावर नवा डेटा तयार केला, म्हणजे दुसऱ्या इंटरिमचे १४० रुग्ण हे पहिले ७० अधिक नवे ७० नसून संपूर्ण कोरे १४० असले, तर तिन्ही टेस्ट एकमेकींपासून स्वतंत्र होतात आणि १ वजा ०.९५ चा घन, म्हणजे १४.३ टक्के येतं. ही चूक मी विद्यार्थ्यांच्या कोडमध्ये सर्रास पाहतो, कारण द्विपद वितरणातून (हो-नाही निकालांच्या मोजणीच्या वितरणातून) एका ओळीत '१४० पैकी किती बरे' हा आकडा काढता येतो आणि टप्पा बदलला की तीच ओळ पुन्हा चालवली जाते. करायचं असं: प्रत्येक टप्प्याची ७० जणांची नवी तुकडी काढायची, बरे झालेले मोजायचे आणि आधीच्या बेरजेत मिळवायचे. दुसऱ्या टप्प्याच्या झेडमध्ये, म्हणजे फरकाला त्याच्या प्रमाणत्रुटीने (नशिबाने आकडा साधारण किती हलतो त्या मापाने) भागून येणाऱ्या आकड्यात, पहिल्या टप्प्याचे रुग्ण असलेच पाहिजेत. दोन्ही झेडमधला सहसंबंध साधारण दोन टप्प्यांच्या रुग्णसंख्यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाइतका येतो, ७० आणि १४० साठी ०.७१.

गंमत अशी की ओब्रायन-फ्लेमिंग लावल्यावर हीच चूक दडून बसते. तीन टप्प्यांसाठी त्यांच्या बाउंडरी ३.४७१, २.४५४ आणि २.००४, पी-व्हॅल्यूच्या भाषेत ०.०००५, ०.०१४१ आणि ०.०४५१. तिन्ही टेस्ट चुकून स्वतंत्र झाल्या तरी एकूण एरर (खोटा इशारा मिळण्याची शक्यता) ५.९ टक्केच येतो. ५०० ट्रायलच चालवल्या असतील तर सिम्युलेशनची स्वतःची प्रमाणत्रुटी जवळपास १ टक्का असते. त्यात ५.९ बघून कोण शंका घेणार? १०,००० ट्रायलला ती ०.२२ वर उतरते, तेव्हा कुठे ०.९ चा फरक डोळ्यात भरतो. म्हणून कोड तपासताना आधी मुद्दाम चुकीची, १.९६ ची (०.०५ च्या पी-व्हॅल्यूला जुळणाऱ्या झेडची) बाउंडरी तिन्ही टप्प्यांना लावून बघा. १०.७ आलं की मगच खऱ्या बाउंडरीकडे जा. तुम्ही नकळत हे केलंच आहे, तेव्हा पहिला प्रश्न निकाली.

आता दुसरा. एक ट्रायल उघडून बघू. समजा पहिल्या इंटरिमला चालू उपचाराच्या ७० पैकी ४१ बरे, नव्याच्या ७० पैकी ५५ बरे. म्हणजे ५८.६ विरुद्ध ७८.६ टक्के, फरक २० अंकांचा. दोन्ही आर्म मिळून ९६ भागिले १४०, म्हणजे ०.६८६ हे सामाईक प्रमाण. त्यावरून प्रमाणत्रुटी ०.०७८५ आणि झेड २.५५. पी-व्हॅल्यू ०.०११. वॉर्डात कुणाला दाखवली तर 'झालं की काम' म्हणतील. पण बाउंडरी ३.४७ आहे, म्हणून पुढे चला. दुसऱ्या इंटरिमला ८३ विरुद्ध १०६, दोन्हीकडे १४० पैकी. फरक १६.४ वर आला, झेड २.९४. २.४५४ ओलांडली, ट्रायल थांबली.

या ट्रायलला पोकॉकची बाउंडरी असती, तीन टप्प्यांना सारखीच २.२८९, तर ती पहिल्याच इंटरिमला २० अंकांचा फरक घेऊन थांबली असती. रुग्ण तेच, औषध तेच. फक्त थांबण्याचा नियम वेगळा, आणि प्रबंधात छापला जाणारा आकडा २० ऐवजी १६.४. 'हो-नाही' निकालाचं विश्लेषण थांबण्याच्या नियमापासून सुटं करून करता येत नाही ते याचमुळे.

ओब्रायन-फ्लेमिंगमध्ये पहिल्याच टप्प्यावर थांबायला किती मोठा फरक लागतो तेही पाहा. चालू उपचारात ७० पैकी ४२ बरे झाले असं धरा, म्हणजे नेमके ६० टक्के. नव्यात ६० बरे झाले तर झेड ३.४२, थांबता येत नाही. ६१ झाले तर ३.६४, थांबायचं. (३.४२ आणि ३.६४ च्या मध्ये काहीच नाही, कारण माणूस अर्धा बरा मोजता येत नाही. हो-नाही निकालात झेड जिन्याच्या पायऱ्यांवरून चढतो, म्हणून हाती येणारा एरर ठरवलेल्या एररशी तंतोतंत जुळत नाही.) म्हणजे थांबायला किमान २७ अंकांचा फरक लागला. खरा फरक १५. पहिल्याच टप्प्यावर यशस्वी म्हणून थांबलेली ट्रायल फुगलेला आकडाच सांगणार, त्याला इलाज नाही. तिथे औषधाचा गुण आणि नशिबाची साथ एकत्र आलेली असते.

तुमच्या १०,००० ट्रायल थांबण्याच्या टप्प्याप्रमाणे वेगळ्या करा. नॉर्मल वितरणाचा ढोबळ हिशेब मी करून पाहिला. शंभरातल्या पाच-सहा ट्रायल पहिल्या टप्प्यावर थांबतात आणि त्यांचा सरासरी फरक ३० च्या आसपास. पन्नासपेक्षा थोड्या जास्त दुसऱ्यावर थांबतात, सरासरी १८ च्या आसपास. उरलेल्या चाळीसेक शेवटपर्यंत जातात आणि त्यांची सरासरी ११-१२. हा शेवटचा आकडा बहुतेकांना चकवतो. पूर्ण रुग्णसंख्या गाठणारी ट्रायल निष्पक्ष असते असं आपण गृहीत धरतो. पण ती शेवटपर्यंत गेली तीच मुळी मधे तिचा आकडा कमी पडला म्हणून.

प्रत्येक ट्रायलला एकेक मत देऊन सरासरी काढली की १६ च्या आसपास येतं. तुमचा पहिला आकडा हाच. आता प्रत्येक ट्रायलला तिच्या रुग्णसंख्येइतकं वजन द्या, १४०, २८०, ४२०. फुगलेल्या ट्रायल लहान आहेत, त्यांचं वजन घटतं. आकसलेल्या मोठ्या आहेत, त्यांचं वाढतं. उत्तर १५ वर येऊन बसतं, आणि तेही योगायोगाने नाही. थांबण्याचा निर्णय आजवर दिसलेल्या डेटावरूनच घेतला जात असेल, उद्याचा रुग्ण कसा निघणार हे आधी डोकावून कुणी पाहत नसेल, तर एकूण बऱ्या झालेल्या रुग्णांची अपेक्षित संख्या ही खरं प्रमाण गुणिले अपेक्षित रुग्णसंख्या इतकीच राहते. थांबण्याचा नियम कोणताही असो. सिक्वेन्शियल पद्धतीचा पाया घालणाऱ्या अब्राहम वॉल्डचं हे समीकरण आहे. (हाच वॉल्ड डिसेंबर १९५० मध्ये भारतात व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना निलगिरीत विमान अपघातात गेला. आणि लॉजिस्टिकमधल्या ज्या वॉल्ड टेस्टला मी खाली नावं ठेवणार आहे, तीही त्याचीच.)

मग कोणतं खरं? तुम्ही विचारता काय, त्यावर आहे. 'माझ्या हातात एक ट्रायल आहे, ती जिथे थांबली तिथला फरक कितपत भरवशाचा?' असा प्रश्न असेल तर विश्लेषणाचं एकक ट्रायल; तिथे १६ हेच उत्तर, आणि त्यातला जादाचा १ हा पद्धतीचा पूर्वग्रह, म्हणजे एकाच दिशेने होणारी चूक. 'एकाच औषधाच्या अनेक ट्रायल एकत्र केल्या तर खरा फरक हाती लागतो का?' असं विचारत असाल तर १५. प्रबंधाला पहिला प्रश्न हवा आहे. म्हणून सगळे रुग्ण एका फाइलीत ओतून त्यावर एकच लॉजिस्टिक चालवू नका. आकडा बरोबर दिसेल, पण तो तुमच्या पद्धतीबद्दल काहीच सांगत नाही, आणि तिथली पी-व्हॅल्यू तर निरर्थक, कारण ३० लाखांवर रुग्ण झाल्यावर कसलाही फरक ठळकच दिसतो.

याच हिशेबातून मेटा-ॲनालिसिसचा (अनेक ट्रायल एकत्र करून केलेल्या विश्लेषणाचा) एक धडा निघतो, आणि तो गाईडकडून बहुधा उलटा ऐकायला मिळतो. 'लवकर थांबलेल्या ट्रायल फुगलेल्या असतात, त्या वगळा' असं सांगितलं जातं. वगळून बघा: उरतात शेवटपर्यंत गेलेल्या, आणि तुमच्या सिम्युलेशनमध्ये त्यांची सरासरी ११-१२. खरा १५. २०१० साली जामा नियतकालिकात ९१ लवकर थांबलेल्या ट्रायलची त्याच विषयांवरच्या ४२४ न थांबलेल्या ट्रायलशी तुलना आली होती. सापेक्ष जोखमींचं गुणोत्तर ०.७१ निघालं, म्हणजे लवकर थांबलेल्यांत परिणाम बराच मोठा दिसला, आणि मोठी खळबळ झाली. लवकर थांबलेल्या फुगतात हे खरंच. पण ज्यांच्याशी तुलना केली त्यातल्या काही, ज्यांना थांबायची मुभा होती आणि तरी थांबल्या नाहीत, त्या खाली झुकलेल्या असणार. हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला, आणि मला तो पटतो. सगळ्या ठेवा, वजन रुग्णसंख्येप्रमाणे द्या. लवकर थांबलेल्या छोट्या ट्रायल तेवढ्या छापून येतात आणि बाकीच्या कपाटात राहतात, हे दुखणं मात्र वेगळं आहे; ते कोणत्याही वजनाने भरून निघत नाही.

एकट्या ट्रायलपुरतं बोलायचं तर फरकाबरोबर कॉन्फिडन्स इंटरव्हलही (खरा फरक ज्या पल्ल्यात असावा तो) थांबण्याच्या नियमाला धरूनच द्यावा लागतो. वरची ट्रायल दुसऱ्या टप्प्यावर १६.४ ला थांबली. नेहमीच्या पद्धतीने, १.९६ ने गुणून, ५.६ ते २७.२ येतं. त्याऐवजी त्या टप्प्याची बाउंडरी २.४५४ वापरली तर २.९ ते ३०.० येतं. याला रिपीटेड कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात; रुंद आहे, पण ट्रायल नियम मोडून आणखी पुढे गेली किंवा देखरेख करणाऱ्या समितीने आधीच थांबवली तरी तो टिकतो. याशिवाय टप्प्यांचा क्रम लावून काढायचा इंटरव्हल आणि मध्यकाच्या दृष्टीने निष्पक्ष असा अंदाज या पद्धतीही आहेत, आणि 'आर' या संगणकभाषेतल्या जीएसडिझाइन आणि आरपॅक्ट या पॅकेजांनी बाउंडरीपासून पुढची ही बहुतेक गणितं होतात. प्रबंधात साधा अंदाज आणि दुरुस्त अंदाज दोन्ही शेजारी द्या. परीक्षक विचारणारच.

तिसरा प्रश्न. ६० आणि ७५ टक्क्यांसारखी प्रमाणं आणि आर्ममागे ७० रुग्ण असतील तर काय-स्क्वेअर, म्हणजे सामाईक प्रमाणावरचा झेड, पुरे. त्याचं वर्गमूळ घेताना चिन्ह ठेवायला विसरू नका, नाहीतर नवा उपचार वाईट निघालेल्या ट्रायलही यशात मोजल्या जातील. फिशर अशा ठिकाणी गरजेपेक्षा जास्त सावध असतो. टप्प्यांची बाउंडरी आधीच कडक, त्यावर फिशर लावला की एरर ५ च्या बराच खाली जातो आणि पॉवर (खरा फरक पकडण्याची शक्यता) फुकट जाते. 'छोटी संख्या म्हणजे फिशर' हा नियम पाठ असलेल्यांना हे पटवणं कठीण जातं. खरं तर हो-नाही निकालात सिम्युलेशनचीही सक्ती नाही. पहिल्या टप्प्यावर शक्य असलेले निकाल ७१ गुणिले ७१, म्हणजे ५,०४१ इतकेच. प्रत्येकाची शक्यता द्विपद सूत्राने काढा, बाउंडरी ओलांडलेले बाजूला करा, उरलेल्यांत पुढच्या ७०-७० ची भर घाला. शेवटच्या टप्प्यावरही ४४,५२१ खाने होतात. आजच्या लॅपटॉपला हे काहीच नाही. सिम्युलेशनचं उत्तर या नेमक्या उत्तराशी ताडून पाहिलेला प्रबंध माझ्याकडे तपासायला आला तर मी खूश होईन.

'नॅन'चं कारण साधं आहे. मृत्यूचं प्रमाण २ टक्के धरलं तर ७० जणांच्या एका आर्ममध्ये एकही मृत्यू न होण्याची शक्यता २४ टक्के, दोन्ही आर्ममध्ये न होण्याची जवळपास ६ टक्के. तेव्हा फरक शून्य, प्रमाणत्रुटी शून्य, आणि शून्य भागिले शून्याला संगणक 'नॅन' म्हणतो. इथपर्यंत नुकसान नाही. नुकसान होतं ते 'रिकाम्या नोंदी वगळा' हा पर्याय चालू करून सरासरी काढली की. त्या ६ टक्के ट्रायल भाजकातून गळतात, आणि त्या नेमक्या फरक न दिसलेल्या असल्यामुळे टाइप वन एरर, म्हणजे तीच खोट्या इशाऱ्याची शक्यता, फुगतो. जिथे दोन्हीकडे शून्य तिथे झेड शून्य धरा, ट्रायल पुढे न्या.

लॉजिस्टिकमध्ये याहून वाईट घडतं, कारण तिथे 'नॅन'ही येत नाही. एका आर्ममध्ये ७० पैकी ०, दुसऱ्यात ७० पैकी १० मृत्यू घ्या. काय-स्क्वेअरचा झेड ३.२८. लॉजिस्टिक मात्र ऑड्स रेशो (दोन आर्ममधल्या 'हो भागिले नाही' आकड्यांचं गुणोत्तर) अनंताकडे ढकलत नेतं, प्रमाणत्रुटी हजारांत जाते, आणि वॉल्डची पी-व्हॅल्यू ०.९९ च्या घरात दिसते. पुरावा जितका भक्कम, तितकी ही टेस्ट आंधळी. हाउक आणि डोनर यांनी १९७७ साली हा दोष दाखवला होता. लॉजिस्टिक वापरायचंच असेल, उदाहरणार्थ केंद्र किंवा विषबाधेची श्रेणी यांसाठी समायोजन हवं म्हणून, तर लाइकलिहूड रेशो किंवा स्कोअर टेस्ट घ्या, आणि शून्य खाने येणार असतील तर अंदाजाला अनंताकडे पळू न देणारी फर्थची दुरुस्ती. १०,००० ऑड्स रेशोंची सरासरी तर काढूच नका. त्यात एखादा अनंत निघाला की सगळं वाहून जातं.

ऑड्स रेशोवरून आठवलं. ६० विरुद्ध ७५ मध्ये ऑड्स रेशो बरोबर २ येतो, सापेक्ष प्रमाण १.२५, आणि फरक १५ अंक. 'नव्या औषधाने दुप्पट रुग्ण बरे' असं वाक्य तुमच्या मसुद्यात कुठे असेल तर आजच काढा.

आता थोडं इकडच्या जमिनीवर. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला विंचूदंशावर आयुष्यभर काम केलं. २०११ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या ट्रायलमध्ये ७० रुग्ण होते: निम्म्यांना फक्त प्राझोसिन हे औषध, निम्म्यांना प्राझोसिन आणि विंचवाचं प्रतिविष. १० तासांत लक्षणं गेली का? प्रतिविषाच्या आर्ममध्ये ३५ पैकी ३२, नुसत्या प्राझोसिनच्या आर्ममध्ये ३५ पैकी ८. झेड ५.८. निम्मे रुग्ण झाल्यावर याच प्रमाणात आकडे दिसले असते तर झेड ४.१ आला असता, आणि दोन टप्प्यांच्या ओब्रायन-फ्लेमिंगची पहिली बाउंडरी २.८० आहे. एवढा मोठा परिणाम असेल तर टप्पे लावण्याचा रुग्णांना फायदा थेट मिळतो.

पण तुमच्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट दुसरी. चालू उपचाराचं प्रमाण १० तासांना २३ टक्के होतं आणि तुम्ही २४ तासांना ६० धरलंय. तास बदलले, श्रेणी बदलली, रुग्ण किती उशिरा पोचला ते बदललं, की हा पाया हलतो. म्हणून फरक नसलेली स्थिती फक्त ६०-६० वर तपासू नका. २०-२०, ४०-४०, ७५-७५, ९०-९० वरही चालवा, कारण हो-नाही निकालात एरर पायाच्या प्रमाणाबरोबर थोडा वरखाली होतो. परीक्षकाने एकच ओळ विचारली तर तुमच्याकडे तक्ता हवा.

विंचूदंशाचा निकाल एका दिवसात कळतो, हे टप्प्याटप्प्याच्या आराखड्याला फार सोयीचं. इंटरिमचा हिशेब चालू असताना निकाल बाकी असलेले रुग्ण मोजकेच. हाच आराखडा क्षयरोगाच्या सहा महिन्यांच्या निकालाला लावलात तर १४० निकाल हाती येईपर्यंत कितीतरी जण भरती होऊन बसलेले असतात. ट्रायल थांबवली तरी त्यांचे निकाल नंतर येतातच, आणि झेड बाउंडरीच्या खाली परत येऊ शकतो. त्यात बीडकडचे रुग्ण असतील तर दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेला माणूस उन्हाळ्याच्या तोंडालाच परततो. त्याचा निकाल रिकामा. रिकामा म्हणजे अपयश, हा नियम डोळे मिटून लावतात. विंचवाच्या बाबतीत तर बरं वाटल्यावर न सांगता प्राथमिक आरोग्य केंद्रातून घरी गेलेला रुग्ण बहुधा यशच असतो. दोन्ही टोकं धरून सिम्युलेशन चालवा, आणि गळती दोन्ही आर्ममध्ये सारखी नसेल अशीही एक धाव घ्या.

प्रत्यक्षात इंटरिम नेमका ७०-७० वर कधीच होत नाही. ७८-६२ झाले तर फार बिघडत नाही: ७८ गुणिले ६२ भागिले १४० म्हणजे ३४.५, आणि ७०-७० ला ३५. माहितीचा वाटा जवळपास तोच. पण समितीची बैठक लांबली आणि एकूण १४० ऐवजी १६० रुग्णांवर पहिला इंटरिम झाला, तर ३.४७१ हा आकडा त्या जागेचा राहत नाही. अशा वेळी लॅन आणि डीमेट्स यांची १९८३ ची अल्फा-स्पेंडिंग पद्धत (एकूण एरर टप्प्यांमध्ये वाटून खर्च करण्याची) लागते. तिच्यातल्या ओब्रायन-फ्लेमिंगसारख्या फलनाने समान अंतराच्या तीन टप्प्यांना ३.७१०, २.५११ आणि १.९९३ येतात, आणि अंतरं बदलली की ती त्या त्या वेळी पुन्हा काढता येतात. तुमच्या सिम्युलेशनमध्ये इंटरिमची वेळ थोडी हलती ठेवून हे एकदा चालवा. वेळ मात्र डेटा पाहून हलवायची नाही, कॅलेंडरवरून हलवायची.

फाइलीबद्दल शेवटचं. दर ट्रायल-टप्प्याला एक ओळ ठेवा: ट्रायल क्रमांक, टप्पा, दोन्ही आर्मचे रुग्ण आणि बरे झालेले, झेड, बाउंडरी. त्यातून प्रत्येक ट्रायलची बाउंडरी ओलांडलेली पहिली ओळ, आणि कुठेच ओलांडली नसेल तर शेवटची, अशी दुसरी फाइल काढा. सगळे हिशेब या दुसऱ्या फाइलीवर: १०,००० ट्रायल, १०,००० ओळी. पहिल्या टप्प्यावर बाउंडरी ओलांडून तिसऱ्यावर खाली आलेली ट्रायल यशस्वीच मोजायची, कारण प्रत्यक्षात ती तिसऱ्यापर्यंत गेलीच नसती. सरासरी रुग्णसंख्याही यातूनच काढा. तुमच्या आराखड्यात ती ४२० ऐवजी ३३० च्या आसपास यायला हवी. खूपच वेगळी आली तर सीडच्या (संगणकाने यादृच्छिक आकडे ज्यापासून सुरू केले त्या) क्रमांकासह दुसऱ्या फाइलीच्या पहिल्या पन्नास ओळी पाठवा, बघतो.